परतीचा सलामू

न्याहुरुरू गावात रविवारी चर्च सुटलं, बटाटा-मक्याच्या मुकिमोचं जेवण उरकलं, की लोक रेडिओ लावून ‘आजचं अक्षर’ ऐकायला बसायचे. बाहेर धुकं असो की गारा, पत्र्याच्या प्रत्येक घरातून गिटार आणि घोड्यांच्या टापा ऐकू यायच्या. अमेरिकेतल्या गुराख्यांची जुनी वेस्टर्न गाणी. बाहेरून आलेल्या माणसाला याचं हसू येई. पण गाई, पाऊस, दारू, देव आणि लांबून घरी परतणं, यातलं न्याहुरुरूच्या माणसाला परकं काय होतं? निम्म्या लोकांना इंग्रजी येत नसे, आणि त्यावाचून कोणाचं काही अडतही नसे.

अक्षराची भानगड मात्र निव्वळ आळसातून निघाली होती. स्टेशनच्या मालकाने नाकुरूतला एक बंद पडलेला बार विकत घेतला आणि त्यात जुन्या तबकड्यांचा ढीग आला. त्या लावायचं काम मालकाच्या पुतण्याकडे गेलं. गायकांची बारीक अक्षरातली नावं वाचायचा त्याला कंटाळा. त्याने सरळ गाण्याच्या नावाचं पहिलं अक्षर बघितलं आणि ए पासून झेडपर्यंत खोकी भरून टाकली. मग कार्यक्रमही तसाच झाला: दर रविवारी एक अक्षर, एक खोकं. लोक गाणी अक्षरानेच ओळखायला लागले. कार्यक्रम चालवणाऱ्या न्याकियोची आई तबिथा तर गाण्याचं नाव कधीच घ्यायची नाही. “ते एममधलं रडकं लाव गं,” म्हणायची, किंवा “डीमधला तो दारुडा परत कधी येणार?”

न्याकियो आधी शाळेत गणित शिकवायची. त्यामुळे असेल, हिशेबात बसत नाही त्या गोष्टीवर तिचा विश्वास बसायचा नाही. पुतण्याने लावलेली सगळी खोकी तिने स्वतः उपसून, प्रत्येक तबकडी ओल्या फडक्याने पुसून परत लावली होती. कोणत्या खोक्यात काय आहे हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

कार्यक्रमाचा खरा जीव होता सलामूत. गाणं मागणारा नुसतं गाणं मागून थांबत नसे, कोणाला तरी सलामू, म्हणजे नमस्कार, पाठवायचा. ज्याला सलामू मिळेल त्याने तो परत करायचा, शक्यतो त्याच दुपारी फोन करून. न केला तर? तर काही नाही. लोक फक्त बाजारात त्याच्याकडे बघून हळूच गप्प व्हायचे, आणि ते कोणालाच सोसायचं नाही. सलामू मंडळ होतं, मंडळाला अध्यक्ष होते, सभासदांना भारदस्त पदव्या होत्या. तबिथाची पदवी होती ‘डोंगरापलीकडचा आवाज’. ती तिने कमावली होती. तिने गाईंना हाक मारली की पलीकडच्या उतारावरच्या गाई माना वर करायच्या. घरात त्या दोघीच. वडील गेल्यापासून न्याकियोला घरी पोचल्याची खूण म्हणजे फाटकाबाहेरूनच ऐकू येणारी आईची बडबड.

क्यूचा रविवार म्हणजे निम्मी सुट्टी. क्यूने सुरू होणारी गाणी मुळातच कमी, आणि खोक्यातल्या तबकड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

“क्यूवाल्यांनी आज चहाच प्यावा,” ध्वनियंत्रावर बसणारा गिचुही म्हणाला. तो कानात हेडफोन आणि तोंडात तळलेली मंदाझी एकदमच ठेवू शकत असे. “एक गाणं, चार जाहिराती, पुन्हा तेच गाणं.”

मग तो फोन आला.

म्हातारा माणूस होता. आवाज मृदू, बोलणं फार आदबीचं. न्याकियोने रीतीप्रमाणे त्याला आजोबा म्हणजे ‘गुका’ म्हणून हाक मारली.

“बोला गुका, क्यूमधलं कोणतं लावू?”

“‘क्वाएट वॉटर रायडर’,” तो म्हणाला. शांत पाण्यातला घोडेस्वार.

“ते आमच्याकडे नाही हो.”

“आहे की. बघ तर खरं, मुली.”

म्हाताऱ्याचा मान म्हणून तिने खोक्यात हात घातला. अगदी मागे, पुठ्ठ्याला चिकटून, एक तबकडी होती. कागदी पाकीट हाताला गार लागलं, नदीतून काढलेल्या दगडासारखं. वर नुसतं गाण्याचं नाव. गायकाचं नाही, कंपनीचं नाही. आपल्या नजरेतून ही सुटली कशी, याचाच तिला राग आला. तिने ती लावली. संथ गिटार, मग एक पोक्त पुरुषी आवाज. गाणं चांगलं होतं. कोण गातंय ते गिचुहीलाही सांगता येईना, आणि तो अशा बाबतीत सहसा हार मानायचा नाही.

“माझा सलामू थुओला,” गाणं संपल्यावर गुका म्हणाला. “बसथांब्याजवळचा कसाई. परतीच्या सलामूची वाट बघतो.”

थुओचा फोन लगेच आला. देह अवाढव्य, त्यामुळे दर वाक्याआधी त्याला घसा साफ करून ‘अं-हं’ करावं लागे. “अं-हं. कोण का असेनात, गुकांना माझा परतीचा सलामू. अं-हं. नाव सांगितलं असतंत तर चांगल्या फासळ्या पाठवल्या असत्या.”

सगळे हसले. गिचुही तेवढा यंत्राकडे बघत बसला होता.

“काय झालं?”

“त्या म्हाताऱ्याच्या मागे आवाजच नव्हता,” तो म्हणाला. “फोनवर काहीतरी असतं ना. खरखर, कोंबडी, वारा, बायको. याच्या मागे काहीच नव्हतं.”

“चांगला फोन असेल.”

“न्याहुरुरूत?” गिचुही म्हणाला आणि दुसरी मंदाझी उचलली.

मंगळवारी थुओ दुकानातल्या बाकावर बसला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले हृदय, आणि त्या देहाकडे बघून कोणाला शंका आली नाही. मयताची घोषणा रेडिओवर न्याकियोनेच वाचली. तिला वाईट वाटलं. थुओ तिच्या आईला नेहमी हाडं जास्तीची टाकायचा.

आरच्या रविवारी खोकं जड होतं. न्याकियोने पहिली काही गाणी लावली, थुओच्या आठवणीत सलामू गेले. मग गुकाचा फोन.

“‘रिबन ऑन अ फेन्स पोस्ट’,” तो म्हणाला. कुंपणाच्या खांबावरची फीत.

या वेळी तिने नाही म्हटलं नाही. हात खोक्यात गेला, आणि मागच्या पुठ्ठ्याला चिकटलेलं गार पाकीट बोटांना लागलं. ते आधी तिथे नव्हतंच. सकाळीच तिने खोकं झाडलं होतं. पण माइक चालू असताना असल्या गोष्टींचा विचार करायला वेळ नसतो. तिने सुई टेकवली.

गिटार वाजली. मग गाणाऱ्याने घसा साफ केला.

अं-हं.

गिचुहीच्या हातातला कप कलंडला. चहा टेबलावरून त्याच्या मांडीवर सांडत होता आणि त्याला ते कळतही नव्हतं. थुओ गात होता. ज्या थुओला इंग्रजीत ‘येस’ आणि ‘नो’पलीकडे शब्द येत नव्हता, तो अस्सल गुराख्यासारखे शब्द लांबवत, एका बाईने वाऱ्यात सोडलेल्या फितीबद्दल गात होता. दर ओळीआधी दम घेत होता. तबकडी जुनी होती, वर्षानुवर्षांच्या ओरखड्यांची.  थांबवावं हेही न्याकियोला सुचलं नाही. शेजारच्या खोलीतून हिशेबनीस डोकावली आणि म्हणाली, “आवाज ओळखीचा वाटतो, नाही?” आणि निघून गेली.

“माझा सलामू ग्लॅडिसला,” गुका म्हणाला. “पोस्टाजवळ केस विणून देते ती. परतीच्या सलामूची वाट बघतो.”

ग्लॅडिस पोस्टाजवळच्या खोलीत दिवसभर बायकांच्या वेण्या घालायची आणि दिवसभर हसायची. हसताना उचकी लागायची, मग त्या उचकीवर हसायची. न्याकियो अजून तबकडीकडेच बघत होती, तेवढ्यात ग्लॅडिसचा फोन हवेवर आलासुद्धा.

“गुकांना माझा परतीचा सलामू हं. आणि डोक्यावर केस उरले असतील तर या, फुकट विणून देते.” मग हसणं, मग उचकी.

बुधवारी धुक्यात दुधाच्या ट्रकने तिला उडवलं.

अंत्यविधीला न्याकियो उभी राहिली, पण तिचं भजनाकडे लक्ष नव्हतं. ती स्वतःला समजावत होती. आवाजासारखे आवाज असतात. रस्त्यावर धुकं असतं. लठ्ठ माणसाचं हृदय थांबतं. प्रत्येक गोष्ट वेगळी घेतली तर तिच्यात काहीच नव्हतं. गिचुही शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, “एसचं खोकं बघायचं?”

शनिवारी भर उजेडात, खिडक्या उघड्या टाकून, दोघांनी एसचं खोकं उपसलं. ते सगळ्यात मोठं. शेवटची तबकडी गार होती. ‘सॉल्ट फॉर द ग्रे मेअर’. करड्या घोडीसाठी मीठ.

“लावू नकोस,” न्याकियो म्हणाली.

“आवाज बंद ठेवतो. नुसती सुई.”

आवाज बंद केला तरी सुई स्वतः थोडं बोलतेच. कान अगदी जवळ नेला की बारीक, मुंगीएवढं गाणं ऐकू येतं. दोघांनी डोकी जवळ आणली. बाईचा आवाज होता. दुसऱ्या कडव्यात ती गाता गाता हसली, आणि तिला उचकी लागली.

गिचुहीने सुई उचलली.  मग तो बाहेर जाऊन पायऱ्यांवर ओकला. न्याकियोने ती तबकडी लोखंडी कपाटात टाकून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. आपण एक तबकडी कुलपात ठेवतोय, आणि शहाण्यासारखं वागल्याचं समाधान मानतोय, याचं तिला मनातून आश्चर्य वाटत होतं.

ठरलं असं: प्रत्येक फोन आधी गिचुही घेईल. ओळख पटली तरच न्याकियोकडे देईल. कार्यक्रम बंद करायचा प्रश्नच नव्हता. मालकाला सांगणार काय?

रविवारी निम्मा कार्यक्रम सुरळीत पार पडला. मग गिचुहीने काचेतून खूण केली: ओल कालोची एक बाई, बटाट्याची शेतकरीण, एकदम खात्रीची. न्याकियोने खटका वर केला.

“ती तुझ्याकडेच आहे, मुली,” गुका म्हणाला. “कपाटात. तिथे ठेवू नकोस. त्यांना फार गारठा वाजतो.”

काचेपलीकडे गिचुही दोन्ही हातांनी नाही, नाही करत होता. नंतर त्याने बायबलवर हात ठेवून सांगितलं की त्याच्या कानात ती बाई अजून बटाट्याचे भाव सांगत होती.

“माझा सलामू तबिथाला,” गुका म्हणाला. “‘डोंगरापलीकडचा आवाज’. परतीच्या...”

न्याकियोने फोनची तार भिंतीतून उपटली. नुसता खटका खाली केला असता तरी चाललं असतं, पण तिला भानच राहिलं नव्हतं.  त्या क्षणी आपल्या घरात काय चाललं असेल ते तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. आईने, तिच्या मैतूने, सुरी खाली ठेवली असणार, एप्रनला हात पुसले असणार, आणि मोबाइल उचलला असणार.

उचललाच होता. ती घरी पोचली तेव्हा तबिथा अंगणात तो हवेत उंच धरून उभी होती.

“तुमचं स्टेशन झोपलंय का गं? कधीची लावतेय. लागतच नाही.”

“मैतू, तो मला दे.”

“आधी सलामू फेडू दे.”

“फेडायचा नाही.”

तबिथाने तिच्याकडे नीट बघितलं. “एवढ्या वर्षांत मला कोणी सलामू पाठवला आणि मी तोंड फिरवून बसले, असं एकदा तरी झालंय? म्हाताऱ्या माणसाने आठवण काढली. त्याला कुत्र्यासारखं दाराबाहेर ठेवू?”

“थुओने परत केला. ग्लॅडिसने केला.”

“थुओने गाय खाल्ली होती गाय, दर आठवड्याला. आणि ग्लॅडिस रस्ता ओलांडतानासुद्धा गप्पा मारायची.” मग ती थांबली. मूर्ख नव्हती ती. “तू गणिताची बाई ना? हे काय गावंढळासारखं?”

न्याकियोने तिला सगळं सांगितलं. सुईतून ऐकू आलेली उचकीसुद्धा. सांगता सांगता तिला रडू आलं, आणि एकदा आल्यावर आवरेना. तबिथा घाबरली ती गुकाला नाही, त्या रडण्याला. वडिलांना मातीत ठेवताना ही पोर रडली नव्हती.

“पुरे,” ती म्हणाली. “घे. घे तुझा फोन. लोक हसतील मला, पण घे.” थोड्या वेळाने, चहात साखर ढवळताना, ती पुटपुटली, “म्हातारा बिचारा वाट बघत असेल.”

आठवडा गेला. न्याकियोचा जीव टांगणीला लागला होता. सकाळी उठली की ती आधी आईच्या खोलीत जाऊन श्वास ऐकायची. तबिथाला काही झालं नाही. ताप नाही, खोकला नाही, ठेच लागली नाही. रोज डोंगरापलीकडच्या गाईंना हाका मारत होती, रोज शेजारणीशी कुंपणावरून भांडत होती. म्हणजे परत न करणं हाच उपाय होता. 

फक्त बाजारात सलामू मंडळाचे अध्यक्ष म्वानिकी भेटले. ते निवृत्त बसकंडक्टर होते, आणि कोटाला मंडळाचा बिल्ला लावल्याशिवाय घराबाहेर पडत नसत.

“तबिथाने सलामू फेडला नाही म्हणे,” ते खाजगी आवाजात म्हणाले. “लोक बोलताहेत, मुली. मी म्हटलं, काहीतरी कारण असणार.”

“तिला बरं नाही, अध्यक्ष,” न्याकियो म्हणाली. “ताप आहे. अंथरुणातून उठवत नाही.”

“अरेरे. मग मिटलं.” त्यांना खरोखरच हायसं वाटलं. “बोलणाऱ्यांची तोंडं बंद करतो मी. तू काळजी करू नकोस.”

शनिवारी टीचं खोकं उपसलं. एकदा न्याकियोने, एकदा गिचुहीने. सगळ्या तबकड्या ओळखीच्या, सगळ्या कोमट. गिचुही खोक्याच्या तळावर हात फिरवत म्हणाला, “काही नाही.” मग पुन्हा म्हणाला, “काहीच नाही गं,” आणि दोघं वेड्यासारखी हसत सुटली. त्या रात्री न्याकियो गाढ झोपली.

रविवारी तिने हवेवर सांगितलं की आज फोन बंद आहेत. तार जोडलेलीच नव्हती. आईचा मोबाइल तिच्या पिशवीत होता. ती टीमधली एकामागून एक गाणी लावत गेली, आणि दुपार इतकी साधी, इतकी रटाळ चालली होती की तिला तिच्यावर प्रेम करावंसं वाटलं.

तेवढ्यात पायऱ्यांवर बुटांचे आवाज आले. म्वानिकी होते. बिल्ला लावून, मंडळाच्या चार-पाच जणांना घेऊन. एका बाईच्या हातात थर्मास होता.

“बकरीच्या हाडांचं सूप,” म्वानिकी म्हणाले. “आजाऱ्यासाठी. फोन बंद म्हणालीस, म्हटलं चालतच जाऊ. दोन शब्द बोलू का श्रोत्यांशी?”

फोनपेक्षा समोरचा जिवंत माणूस कितीतरी बरा. न्याकियोने हसून त्यांना खुर्ची दिली आणि माइक पुढे सरकवला. म्वानिकींनी घसा खाकरला, सुवार्तेला उभं राहतात तसे उभे राहिले.

“श्रोतेहो, आपली भगिनी तबिथा, ‘डोंगरापलीकडचा आवाज’, तापाने आजारी आहे. आजारी सभासदाचा सलामू मंडळ फेडतं, ही आपली रीत.”

रीत न्याकियोला ठाऊक होती. तिनेच ती हवेवरून कितीदा तरी सांगितली होती. आठवली ती आत्ता.

“अध्यक्ष...”

“तर तबिथाच्या वतीने, तिच्याच आवाजात समजावा, गुकांना...”

तिने खटक्यावर हात मारला. हात खुर्चीच्या पाठीत अडकला.

“...परतीचा सलामू.”

मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

म्वानिकी तिच्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचं भलं केल्याचा निखळ आनंद होता. तिचा चेहरा बघून तो हळूहळू मावळला.

“काही चुकलं का, मुली?”

“कॅसेट लाव,” ती गिचुहीला म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आला. “कॅसेट. खोक्याला हात लावू नकोस.”

ती पळत सुटली.

बसथांबा, चांभार, औषधांचं दुकान. प्रत्येक दारात तिचंच स्टेशन लागलेलं होतं. गिचुहीची कॅसेट वाजत होती, शब्दांशिवाय, नुसती गिटार. ती गिटार एका दुकानातून दुसऱ्या दुकानात तिच्याबरोबर पळत होती. कोणीतरी हाक मारली. तिने ओ दिली नाही.

डेअरीच्या चढावर तिला धाप लागली. आता दुकानं संपली होती. फक्त घरं, आणि घराघरातून रेडिओ.

गिटारवर कोणीतरी गायला लागलं.

बाई होती. मोठा, उघड्यावरचा आवाज. इंग्रजी शब्द. कुठल्या तरी कोरड्या नदीबद्दल, नदीपलीकडच्या गाईंबद्दल.

न्याकियोने कानांवर हात ठेवले आणि पळत राहिली. हात ठेवूनही तो ऐकू येत होता. त्या आवाजाला डोंगर अडवू शकत नव्हता.

फाटक उघडंच होतं.

तबिथा अंगणात बसली होती. मांडीवर परात, हातात सुरी, पायाशी बटाट्याच्या साली. चेहरा लाल, टवटवीत. शेजारी ओट्यावर रेडिओ गात होता.

जिवंत होती. बसली होती. बटाटे सोलत होती. न्याकियो फाटकाच्या खांबाला धरून उभी राहिली आणि एकदम, मोठ्याने, हुंदका देऊन हसली.

“मैतू,” ती म्हणाली. “मैतू, मैतू.”

तबिथाने मान वर केली. मुलीला बघून तिचे डोळे हसले. सुरीने रेडिओकडे खूण करत तिने काहीतरी विचारलं, बहुतेक हे कोणत्या अक्षरातलं म्हणून. ओठ हलले, भुवया वर गेल्या, गळ्याची शीर ताणली.

अंगणात फक्त रेडिओचा आवाज होता.

तिला ते कळलेलं दिसत नव्हतं. तिने पायाने स्टूल लेकीकडे सरकवलं, पुढचा बटाटा उचलला, आणि सोलता सोलता ती बोलतच राहिली.